छापील किमतीच्या पोटात

डोंबिवलीकराचे पाकीट उघडले तर रेल्वेचा पास, आधार कार्ड, गावच्या देवाचा लॅमिनेट केलेला फोटो आणि या सगळ्यांच्या मागे कडा झिजलेले एक प्लास्टिकचे कार्ड सापडण्याची शक्यता बरीच असते. कार्डावर मेडिकलचे नाव, फोन नंबर आणि ‘सर्व औषधांवर सवलत’ अशी ओळ. ‘सर्व’च्या डोक्यावर कधी कधी एक बारीकशी चांदणी असते. चांदणीचा खुलासा कार्डाच्या मागच्या बाजूला, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात केलेला असतो.

संध्याकाळची फास्ट लोकल रिकामी झाली, जिना उतरून गर्दी पूर्वेला पांगली, की या कार्डांची वेळ सुरू होते. फडके रोडवर किंवा मानपाडा रोडवर भाजीची पिशवी काउंटरच्या कडेला टेकवून चिठ्ठी पुढे सरकवली जाते. दुकानातला मुलगा डॉक्टरांचे अक्षर लावतो आहे तोवर इकडून प्रश्न जातो, “किती टक्के सोडता?” वीस ऐकायची सवय झालेली आहे. कोणी पंधरा म्हटले तर गिऱ्हाइकाची नजर समोरच्या दुकानाकडे वळते, आणि ती वळलेली दुकानदारालाही दिसते. ठाण्यात गोखले रोडवर हेच, कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपासही हेच.

आधीच्या पिढीने मेडिकलवाल्याशी भाव केला नाही. तो डॉक्टरच्या खालोखाल जाणता माणूस. त्याला ‘जरा कमी करा’ म्हणणे म्हणजे आजाऱ्याच्या जिवाचा सौदा केल्यासारखे वाटे. तेव्हा औषध तापापुरते, खोकल्यापुरते यायचे आणि बाटली संपली की विषय संपायचा. आता रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि या सगळ्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणखी एक, अशी यादी दर महिन्याला किराण्याच्या यादीशेजारी लिहिली जाते. जे दर महिन्याला घ्यायचे त्याचा भाव होणारच. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत नोंदलेले आहे. २०१३-१४मध्ये हा आकडा ६४.२ होता. तो उतरला हे खरे. पण रोजच्या गोळीसाठी विमा कंपनी दारात येत नाही, ती रुग्णालयात भरती झाल्यावर येते.

तर, वीस टक्के. हे दुकानदाराला परवडते कसे?

हिशेब फार अवघड नाही. औषधांचे दोन गट आहेत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतली औषधे (२०२२च्या सूचीत ती ३८४ आहेत) २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली येतात. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडांचा दुकानदाराला पडणारा भाव, ज्याला धंद्यात ‘पीटीआर’ म्हणतात, त्याची सरासरी काढायची आणि तिच्यावर सोळा टक्के दुकानदाराचे चढवायचे. ही झाली कमाल किंमत. सोळा टक्के हे खरेदीवर. विक्रीच्या किमतीतून पाहिले तर शंभरातले जेमतेम चौदा रुपये. सूचीबाहेरच्या औषधांवर रिवाजाने दुकानदाराला वीस आणि स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक वितरकाला, दहा टक्के सुटतात. तिथे कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत किंमत वाढवायची मुभाही आहे.

म्हणजे सूचीतल्या गोळीवर सरसकट वीस टक्के सोडणारा दुकानदार कागदावर तरी घरचे घालतो आहे. प्रत्यक्षात तो काही घरचे घालत नाही. कंपनीची ‘स्कीम’ असते, दहावर एक फुकट, कधी त्याहून जास्त. रोख पैसे मोजले की स्टॉकिस्ट दोनेक टक्के कमी करतो. साखळी दुकानांची खरेदीच एवढी मोठी की त्यांचा पीटीआर वेगळा पडतो. आणि कार्डावरची ती चांदणी असतेच: इन्सुलिनवर नाही, लहान मुलांच्या दुधाच्या डब्यावर नाही, अमुक रकमेच्या आतल्या बिलावर नाही. बिल नीट वाचले तर दिसते की वीस टक्के दोन-तीन ओळींवरच आहेत, बाकीच्या ओळींवर दहा, पाच किंवा काहीच नाही.

इथवरचा खेळ वीस टक्क्यांच्या आतला. पण याच रस्त्यांवर ‘५० ते ८० टक्के सवलत’ अशी पाटी लावलेली दुकानेही आहेत, आणि ती पाटी खोटी नसते. खरी गंमत तिथे आहे.

भारतात विकली जाणारी बहुतेक औषधे पेटंट संपलेली, म्हणजे जेनेरिकच आहेत. फक्त प्रत्येक कंपनीने आपापल्या गोळीला वेगळे नाव दिले आहे. रक्तदाबावरच्या एकाच टेल्मिसार्टनची डझनावारी बारशी झालेली आहेत. नाव डॉक्टरांच्या लक्षात राहावे म्हणून एमआर, म्हणजे कंपन्यांचे प्रतिनिधी, फिरतात, परिषदा भरतात, दिवाळीत मिठाईचे बॉक्स जातात, आणि हा सगळा खर्च गोळीच्या किमतीत असतो. यातल्याच अनेक कंपन्या दुसऱ्या दाराने हेच औषध एमआर न पाठवता थेट घाऊक व्यापाऱ्याला विकतात. सिप्ला, अल्केम यांसारख्या मोठ्या कंपन्यांचेही असे विभाग आहेत. याला धंद्यात ‘ट्रेड जेनेरिक’ म्हणतात. ते दुकानदाराला अगदी स्वस्त पडते, पण त्याच्या पाकिटावरची एमआरपी मात्र ब्रँडेडच्या जवळपास छापलेली असू शकते. समजा, शंभर रुपये छापलेली स्ट्रिप दुकानात पंधराला पडली. आता दुकानदाराने ती पंच्याण्णवला विकली तरी कायदा मोडत नाही आणि तीसला विकली तरी सत्तर टक्के सवलत दिल्याचे पुण्य लागते.

ऐंशी टक्के सवलत शक्य होते याचा अर्थ छापील किमतीतले ऐंशी रुपये औषधाचे नव्हतेच. पाटी ज्याला औदार्य म्हणते तो खरे तर एमआरपीने दिलेला कबुलीजबाब आहे. छापील किंमत जितकी फुगवलेली, तितकी सवलत घसघशीत. ‘किती टक्के’ विचारणारे गिऱ्हाईक बरोबर त्याच सापळ्यात पाय घालते. ‘महिन्याला गोळी कितीला पडली’ असे विचारणारे क्वचितच भेटते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ साली परवडणाऱ्या आरोग्यसेवेवर जे टिपण काढले त्यातही ब्रँडेड जेनेरिक आणि व्यापारातले भरमसाट मार्जिन यांवरच बोट ठेवले होते.

या मार्जिनच्या अरण्यात एक वाट ठाण्यातून निघाली. २०१८च्या सुमारास, वयाची विशीही न गाठलेल्या अर्जुन देशपांडे या ठाणेकर मुलाने ‘जेनेरिक आधार’ नावाचा उद्योग उभा केला. त्याची आई औषधांच्या विपणन क्षेत्रातली, त्यामुळे गोळी कारखान्यातून निघून घरी येईपर्यंत तिच्या अंगावर किती रुपये चढतात हे घरातच ऐकलेले. कल्पना साधी होती: कारखान्याकडून माल घ्यायचा, मधली घाऊक साखळी वगळायची आणि गल्लीतल्या छोट्या, मोठ्या साखळी दुकानांपुढे दमलेल्या मेडिकलला तो थेट पुरवायचा. दुकान मालकाचेच, पाटी आणि पुरवठा ‘आधार’चा. त्या काळात मुंबई, पुणे, बंगळूर आणि ओडिशा मिळून तीसेक दुकाने जोडली गेली होती. मे २०२०मध्ये, टाळेबंदीत, रतन टाटांनी या उद्योगात वैयक्तिक गुंतवणूक केल्याची बातमी आली आणि ठाण्याचा हा अठरा वर्षांचा मुलगा एका दिवसात देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. टाटांचे नाव लागल्यावर जेनेरिकला एक गोष्ट आपोआप मिळाली, जी सरकारी जाहिरातींना वर्षानुवर्षे मिळवता आली नव्हती: मध्यमवर्गीय घरातला विश्वास. ‘स्वस्त म्हणजे कसले तरी’ म्हणणाऱ्यांनीही निदान चौकशी केली.

योगायोग असा की औषधविक्रीतल्या दुसऱ्या बाजूचे सर्वांत मोठे नावही याच मार्गावर, पाच-सात स्थानके पुढे राहते. अखिल भारतीय औषधविक्रेता संघटनेचे दीर्घकाळचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे, म्हणजे अप्पा शिंदे, कल्याणचे. विधान परिषदेचे माजी सदस्य. देशभरातले बारा लाखांहून अधिक औषधविक्रेते आपल्यामागे असल्याचे त्यांची संघटना सांगते, आणि तिने हाक दिली की दुकाने बंद होतात हे ऑक्टोबर २०१५, मे २०१७ आणि सप्टेंबर २०१८च्या देशव्यापी बंदांनी दाखवले आहे. या बंदांचे मुख्य लक्ष्य होते ऑनलाइन औषधविक्री.

संघटनेचे म्हणणे एका वाक्यात निकालात काढण्यासारखे नाही. रात्री अकराला डोंबिवली पश्चिमेच्या गल्लीत दम्याचा पंप मिळतो तो ॲपमुळे नव्हे, शटर अर्धे खाली ओढून बसलेल्या दुकानदारामुळे. चौदा-वीस टक्क्यांत भाडे, फार्मासिस्टचा पगार, फ्रीजचे वीजबिल आणि मुदत संपलेल्या मालाची कटकट भागवणाऱ्या त्या माणसाला गुंतवणूकदारांच्या पैशावर पंचवीस टक्के सोडणाऱ्या कंपनीशी लढायला लावणे याला स्पर्धा म्हणावे का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ऑनलाइनच्या सवलती त्या पैशावरच उभ्या होत्या, हे पुढे दिसलेही. मुंबईत जन्मलेल्या फार्मइझीचे मूल्य २०२१मध्ये ५.६ अब्ज डॉलर लावले गेले. २०२३मध्ये भागविक्री करताना ते सुमारे नव्वद टक्क्यांनी खाली आणावे लागले. एवढी सवलत मात्र कुठल्याच कार्डावर छापलेली नव्हती.

पण संघटनेची दुसरीही बाजू आहे. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी संघटनेचे ना-हरकत पत्र आणा, मार्जिन ठरल्याखाली जाता कामा नये, अशा प्रथांवर स्पर्धा आयोगाने २०१३मध्ये ठपका ठेवला आणि दंडही ठोठावला. छोट्या दुकानदाराचे संरक्षण आणि गिऱ्हाइकाच्या भावाला कुंपण, या दोन्ही गोष्टी एकाच हाताने होत होत्या. ऑनलाइन विक्रीचा प्रश्न तर सरकारने दोन्ही बाजूंना लोंबकळत ठेवला. ऑगस्ट २०१८मध्ये नियमांचा मसुदा काढला, मार्च २०२०मध्ये करोनाच्या निमित्ताने घरपोच औषधांना मुभा दिली, आणि ती मुभा मागे घ्या म्हणून संघटना तेव्हापासून पत्रे लिहिते आहे.

सवलतीच्या पाट्यांवरूनही वाद आहेच. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टला गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करायला मज्जाव केला आहे. त्या आधारे काही राज्यांच्या फार्मसी परिषदांनी सवलतीच्या पाट्या काढायला सांगितल्या. महाराष्ट्राची परिषद त्यांत आहे. तरी पाटी उतरली म्हणून सवलत थांबत नाही. ती कार्डावर जाते, व्हॉट्सॲपवर जाते, “काका, तुमचं नेहमीचं लावलंय” या वाक्यात जाते.

आता सरकारी दुकान. जनऔषधी योजनेचे पहिले दुकान नोव्हेंबर २००८मध्ये अमृतसरला उघडले आणि पुढची काही वर्षे ती योजना मरगळलेलीच राहिली. गेल्या दशकात तिने वेग घेतला. दहा हजारावे केंद्र नोव्हेंबर २०२३मध्ये देवघरला सुरू झाले आणि २०२५च्या आरंभी आकडा पंधरा हजारांवर गेला. ठाणे, कल्याण, डोंबिवली तिन्हीकडे ही केंद्रे आहेत, बहुतेक मुख्य रस्त्यापासून एक वळण आत, कारण भाडे. इथे कार्ड लागत नाही आणि टक्क्यांची भाषाही नाही. पाकिटावर जी किंमत छापलेली तीच घेतात, कारण ती मुळातच कमी ठेवलेली असते. आघाडीच्या ब्रँडांच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त नाही, हा दंडक. दुकान चालवणाऱ्याला विक्रीवर वीस टक्के मिळतात.

एक उदाहरण पुरे होईल. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२मध्ये संपले. त्याच सप्टेंबरात जनऔषधीने ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आणल्या. त्या वेळी बाजारातल्या ब्रँडांचा भाव १६० ते २५८ रुपये होता, असे सरकारनेच जाहीर केले. रोज एक गोळी धरली तर महिन्याला महागातला ब्रँड ७७४ रुपयांना. डोंबिवलीचे कार्ड दाखवून वीस टक्के सुटले तर ६१९. जनऔषधीत १८०. कार्डाने १५५ रुपये वाचवले म्हणून खूश होऊन घरी जाणाऱ्या माणसाच्या खिशातून ४३९ रुपये हलकेच गेलेले असतात, आणि त्याला ते कळतही नाही, कारण बिलावर ‘यू सेव्ह्ड’च्या पुढे ठळक अक्षरात १५५ छापलेले असतात.

अशी घसरण नंतरही झाली. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले. साठ रुपयांच्या आसपासची एक गोळी काही कंपन्यांनी पाहता पाहता दहाच्या आत आणली. वर्षभर नेमाने सवलत कार्ड वापरूनही जे झाले नसते ते एका तारखेने केले. पण ही तारीख पेशंटला कोण सांगणार? जुन्या चिठ्ठीवर जुनेच नाव असते आणि फॉलोअप तीन महिन्यांनी.

मग जनऔषधीसमोर रांगा का नाहीत? काही ठिकाणी आहेत. बाकीच्यांना अडवणारी गोष्ट दुकानात नसते, ती खिशातल्या चिठ्ठीवर असते. डॉक्टरने ब्रँडचे नाव लिहिलेले असले आणि औषध शेड्यूल एच मधले, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारे असले, तर औषध नियमावलीतल्या ६५व्या नियमानुसार फार्मासिस्टला त्याऐवजी दुसऱ्या नावाची तीच गोळी देता येत नाही. रोजच्या व्यवहारात हा नियम दिवसाकाठी किती वेळा मोडत असेल ते सोडा. नियम मात्र तसाच आहे.

अमेरिकेत याच्या बरोबर उलटे आहे. तिथला फार्मासिस्ट, डॉक्टरने स्पष्ट मनाई केली नसेल तर, ब्रँडऐवजी जेनेरिक देऊ शकतो, आणि तिथे भरल्या जाणाऱ्या दर दहा चिठ्ठ्यांपैकी नऊ जेनेरिकच्या असतात. त्यातल्या कितीतरी गोळ्या भारतातच बनलेल्या. तरीही अमेरिकेत सवलत कार्डाचा मोठा उद्योग आहे, हे डोंबिवलीतल्या ज्या घरातले एखादे पोर न्यू जर्सीत आहे त्यांना माहीत असते. नातवंड बघायला गेलेल्या आजी-आजोबांच्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरच्या पत्रासकट असतात. त्या संपल्या तर मुलगा फोनवर गुडआरएक्सचे कूपन काढतो. २०११मध्ये सुरू झालेली ही कंपनी औषध विकत नाही. विमा कंपन्यांसाठी औषधांचे भाव ठरवणारे जे दलाल तिथे आहेत, त्यांनी फार्मसीशी ठरवलेला भाव ती विमा नसलेल्यालाही मिळवून देते आणि प्रत्येक वापरामागे आपले शुल्क कमावते. एकच गोळी रस्त्याच्या या बाजूला चौपट आणि त्या बाजूला कूपनवर चतुर्थांश, असा तिथला बाजार. या कार्डाची दुसरी किंमतही उघड झाली. लोकांच्या आजारांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल २०२३मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत तिला पंधरा लाख डॉलर भरावे लागले. आपल्या मेडिकलचे कार्ड काढताना फॉर्मवर मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि ‘कोणता आजार’ असा रकाना निमूट भरणाऱ्यांनी ही बातमी वाचायला हरकत नाही.

औषधे मूळ नावाने लिहा, हे आपल्याकडे काल सुचलेले नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५मध्येच ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने काढून टाका आणि सुरुवात तेरा औषधांपासून करा असे सांगितले होते. १९७८च्या धोरणात तेराची पाच झाली, ॲस्पिरिन, ॲनाल्जिन अशी साधी. तीही न्यायालयात अडकली. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातला औषधपुरवठा आणि वापर अभ्यासून १९९८मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि जनआरोग्य चळवळीतून ते हेच सांगत राहिले. मे २०१२मध्ये एका रविवारी सकाळी आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’त राजस्थानचे डॉ. समित शर्मा यांनी जेनेरिकचे गणित मांडले तेव्हा घराघरांत आठवडाभर चर्चा झाली. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावे लिहिणे सक्तीचे करणारे नियम काढले. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात, २३ तारखेला, ते नियम स्थगित झाले. अर्ध्या शतकात चिठ्ठीवरचे नाव आहे तिथेच आहे.

डॉक्टरांचा मुद्दा दर्जाचा असतो, आणि तो उडवून लावता येत नाही. आपल्याकडे काही गटांतली जेनेरिक मूळ औषधाइतकीच रक्तात उतरतात हे चाचणीने सिद्ध करणे बंधनकारक झाले ते २०१७मध्ये. त्याआधी परवाना मिळालेला माल भरपूर आहे. बनावट औषधांची प्रकरणेही घडली आहेत. २०२४मध्ये नागपूरच्या तपासात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च निघाले. पण यातून ‘ब्रँड म्हणजे खात्री’ असे सिद्ध होत नाही. नक्कल करणारा आधी खपणाऱ्या ब्रँडचीच नक्कल करतो. ऑगस्ट २०२३पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले ते त्यासाठीच. केरळातल्या डॉक्टरांच्या एका गटाने २०२५मध्ये नेहमीच्या २२ औषधांचे १३१ नमुने, ब्रँडेड आणि जनऔषधीसह जेनेरिक, प्रयोगशाळेत तपासले. सगळे दर्जाला उतरले. एका तपासणीने देशभरच्या मालाची हमी मिळत नाही, पण संशयाला निदान आकडा मिळाला. उरलेले काम अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांचे, आणि त्यांची संख्या दुकानांच्या मानाने किती तोकडी आहे हे कुठलाही मेडिकलवाला हसत सांगेल.

खरी सवलत मिळवायची असेल तर घाऊक मागावी लागते, एकट्यादुकट्याने कार्ड दाखवून फार काही होत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण परळला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या रुग्णालयांनी चाळीस औषधांची एकत्र मागणी नोंदवून कंपन्यांशी एकच घासाघीस केली. छापील किमतींच्या तुलनेत सुमारे ८२ टक्के पैसे वाचले. ठाणे-कल्याणहून पहाटेची गाडी पकडून परळला जाणारे किती रुग्ण या हिशेबात आले असतील! त्याआधी, फेब्रुवारी २०१९मध्ये, कर्करोगावरच्या ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. कारखान्याचा भाव तोच ठेवून केवळ मधली चरबी काढली तरी अनेक औषधांच्या किमती धाडकन खाली आल्या.

घराजवळची वाट पालिका आणि सरकारी रुग्णालयाची. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय त्यात येते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे पालिकेचे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर कल्याण-डोंबिवली पालिकेचे. पेशंटला हा भेद ठाऊक नसतो. त्याला कळते ते इतकेच की खिडकीतून तीन औषधे मिळाली आणि चौथ्यासाठी कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून ‘बाहेरून घ्या’ सांगितले. सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोर मेडिकलची दुकाने ओळीने का असतात, याचे उत्तर त्या तुकड्यात आहे.

२२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला, तेहतीस जीवरक्षक औषधांवरचा शून्य. कंपन्यांनी सुधारित दरपत्रके काढली. त्या दिवाळीत काउंटरवर एक नवा गोंधळ पाहायला मिळाला. पाकिटावर जुनी किंमत, संगणकात नवी, आणि गिऱ्हाइकाची मागणी अशी की जुन्या किमतीवर वीस टक्के सोडा आणि शिवाय कर कमी झाल्याचेही वेगळे द्या. तेव्हा दोन्ही सवलतींची बेरीज-वजाबाकी बिलाच्या मागे पेनने करून दाखवावी लागे.

किंमत प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ आणि जनऔषधीचे ‘सुगम’ ही दोन ॲप फोनवर घेतली तर रेणूचे, म्हणजे मूळ औषधाचे, नाव टाकून भाव पाहता येतात. रेणूचे नाव पाकिटावर ब्रँडच्या जवळच असते. अडचण पुढे येते. चिठ्ठीवर एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र केलेली असतात, आणि नेमके तेच मिश्रण, त्याच मात्रेत, स्वस्त दुकानात असेलच असे नाही. जनऔषधी केंद्रातला माणूस संगणकावर पाहतो, मागच्या कपाटात पाहतो, मग सांगतो, “यातल्या दोन आहेत. तिसरी सोमवारपर्यंत येईल, नंबर लिहून ठेवा.” काउंटरवर त्यासाठी एक लांबट वही दोऱ्याने बांधलेली असते. नाव, फोन, औषध, तारीख. ज्यांची गोळी सोमवारपर्यंत थांबू शकते ते लिहितात. ज्यांची थांबू शकत नाही ते दोन गोळ्या पिशवीत टाकून रस्ता ओलांडतात, आणि समोरच्या मेडिकलमध्ये पाकिटातल्या पासमागचे कार्ड काढतात.